धूर तेवढाच, पण हवा कमी

डोंगरांमधल्या गावात राहणाऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो. आमच्याकडे मोठा कारखाना नाही, गाड्या मोजक्या, चारी बाजूंना झाडी, मग हिवाळ्यात मोबाइलवरचा एक्यूआय, म्हणजे हवेच्या दर्जाचा आकडा, एखाद्या महानगरासारखा लाल का होतो? यावर दोन उत्तरं ठरलेली असतात, सेन्सर बिघडला असेल नाहीतर बाहेरून धूर येत असेल. कधीकधी ती खरीही असतात. पण बहुतेक वेळा कारण तिसरंच असतं आणि त्यावर नीट लिहावं असं कधीपासून मनात होतं. हवा किती खराब होणार हे फक्त किती धूर सोडला यावर ठरत नाही, तो धूर किती हवेत मिसळतो यावरही ठरतं, आणि दरीच्या तळाशी वसलेल्या गावाला हिवाळ्यात मिसळायला हवाच कमी मिळते.

आधी गणित बघू, कारण एकदा ते डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे. उन्हाळ्याच्या दुपारी जमीन तापते, तिच्यालगतची हवा वर चढते, वरची खाली येते, सगळं घुसळत राहतं आणि गावातला धूर दीड-दोन किलोमीटर उंचीपर्यंत पसरतो. हिवाळ्यातल्या शांत रात्री तोच धूर जमिनीलगतच्या १००-२०० मीटर थरात अडकतो. म्हणजे गावाने धूर अजिबात वाढवला नाही तरी श्वासात येणारा धूर दहापट होऊ शकतो. सपाट प्रदेशातही रात्री हा थर पातळ होतो, नाही असं नाही, पण तिथे निदान वारा धूर आडवा ओढून नेतो. दरीत दोन्ही बाजूंना डोंगर उभे, त्यामुळे आडवी वाट बंद, आणि वरून झाकण.

हे झाकण म्हणजे टेंपरेचर इन्व्हर्शन. शास्त्रज्ञ मंडळी याला तापमानाची विपरीतता म्हणतात, बाकी सगळे इन्व्हर्शनच म्हणतात. एरवी आपण जसे वर जाऊ तशी हवा थंड होत जाते, सरासरी धरली तर दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश. त्यामुळे खालची गरम हवा हलकी असते, ती वर जाते आणि धुरालाही घेऊन जाते. इन्व्हर्शनमध्ये हे उलटं होतं, थंड जड हवा खाली आणि उबदार हलकी हवा वर. जड वस्तू आधीच तळाशी आहे म्हटल्यावर ती वर कशाला जाईल? चिमणीतून निघालेला धूर थोडा वर चढतो, सभोवतालच्या हवेइतका थंड झाला की थांबतो आणि मग आडवा पसरतो. डोंगरावरून सकाळी खाली बघितलं की गावावर राखाडी रंगाचा एक सपाट थर दिसतो, वरची कड अगदी आखल्यासारखी, ती कड म्हणजे इन्व्हर्शनची उंची. तिच्या वर निळं आभाळ आणि ऊन असतं, आणि खालच्या लोकांना वाटत असतं की आज ढगाळ आहे.

दरीत हे जास्त जोरात का होतं याला कारण उतार. सूर्य मावळला की जमीन आपली उष्णता आकाशात सोडते, तिला चिकटून असलेली हवा थंड होते. सपाटीवर ती जागच्या जागी बसून राहते. पण उतारावरची थंड हवा जड झाली की घसरायला लागते, ओढ्या-नाल्यांच्या वाटेने, अगदी पाणी उतरतं तशीच, आणि रात्रभर दरीच्या तळाशी साचत जाते. म्हणजे तळाला आपली थंडी आहेच, वर दोन्ही डोंगरांची थंडीही त्याच्याच वाट्याला येते. म्हणूनच डोंगराळ भागातले जुने शेतकरी फळबागा तळात न लावता उताराच्या मधल्या पट्ट्यात लावतात, तिथे रात्री तळापेक्षा कमी गारठा असतो आणि मोहोर दवाच्या गोठणीतून वाचतो. जी हवा मोहोर जाळते तीच धूर धरून ठेवते.

थंड हवेचं हे साचणं रोज रात्रीचं आहे, पण ऋतूनुसार त्याची ताकद बदलते. हिवाळ्यात रात्र लांब, म्हणजे साचायला वेळ जास्त. आभाळ निरभ्र असेल तर उष्णता लवकर निघून जाते, ढग असतील तर ती थोडी अडते, त्यामुळे स्वच्छ चांदण्याची सुंदर रात्र ही धुराच्या दृष्टीने वाईट रात्र. बर्फ पडणाऱ्या प्रदेशात तर आणखीच, कारण ताजा बर्फ सूर्यप्रकाशाचा ८० टक्क्यांहून जास्त भाग परत पाठवतो, दिवसभर ऊन पडूनही जमीन तापत नाही आणि रात्रीचं झाकण दुपारी उघडतच नाही. सूर्यही खालून खालून जातो, अरुंद दरीत सकाळी दहापर्यंत डोंगराची सावली आणि दुपारी तीनला परत सावली, उरलेल्या चार-पाच तासांच्या तिरप्या उन्हाने हवा ढवळली जाणार तरी किती.

एका रात्रीचं इन्व्हर्शन ही तशी किरकोळ गोष्ट आहे, सकाळी ऊन आलं की मोडतं. खरा त्रास सुरू होतो तो उच्च दाबाचा पट्टा येऊन डोक्यावर ठाण मांडतो तेव्हा. अशा वेळी वरची हवा मोठ्या प्रदेशावर हळूहळू खाली बसते, आणि खाली येणारी हवा दाबली गेल्यामुळे तापते, किलोमीटरला जवळजवळ दहा अंश. म्हणजे खालून थंडी साचतेय आणि वरून उबदार थर दाबतोय. वारा पडलेला. हे चार दिवस टिकतं, आठवडाभर टिकतं, कधी त्याहूनही जास्त, आणि रोजचा धूर आदल्या दिवशीच्या शिल्लक धुरात भर घालतो. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक खोऱ्यात हे दर हिवाळ्यात होतं, पूर्वेला वॉसॅच पर्वत, पश्चिमेला ओकर पर्वत, मध्ये शहर. पहिल्या दिवशी हवा बरी असते, मग रोज आकडा चढत जातो, आणि जवळच्या डोंगरावर लोक लख्ख उन्हात स्कीइंग करत असतात. तिथल्या हिवाळी पीएम २.५ चा, म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कणांचा, मोठा भाग तर चिमणीतून कणांच्या रूपात बाहेर पडलेलाच नसतो, गाड्यांमधले नायट्रोजन ऑक्साइड आणि शेती-जनावरांकडून येणारा अमोनिया हे वायू कोंडलेल्या थंड हवेत एकत्र येऊन अमोनियम नायट्रेटचे बारीक कण बनवतात. थंडीत हे कण टिकतात, उष्णतेत परत वायू होतात. म्हणजे हिवाळा नुसता धूर धरून ठेवत नाही, नवीन तयारही करतो. असलं इन्व्हर्शन मोडायला ऊन पुरत नाही, वादळी वाऱ्याची एखादी लाटच यावी लागते, आणि तोपर्यंत लोक हवामान खात्याच्या अंदाजात पावसाची किंवा बर्फाची वाट बघत बसतात.

हे सगळं नुसतं खोकल्यापुरतं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. डिसेंबर १९३० मध्ये बेल्जियममधल्या म्यूज नदीच्या खोऱ्यात, उई ते लिएज या पट्ट्यात, दाट धुकं आणि इन्व्हर्शन पाच दिवस बसून राहिलं. खोरं अरुंद, नदीकाठाने पोलाद, जस्त, काच, खत असे कारखाने. ६० हून जास्त माणसं गेली, बहुतेक जण शेवटच्या दोन दिवसांत. लक्षात घ्या, कारखान्यांनी त्या आठवड्यात काही वेगळं केलं नव्हतं, ते वर्षभर तेवढाच धूर सोडत होते. चौकशी करणाऱ्या डॉक्टरांपैकी झां फिर्के यांनी नंतर लिहून ठेवलं की असंच लंडनमध्ये घडलं तर ३,२०० माणसं अचानक मरू शकतात. लोकसंख्येच्या प्रमाणात केलेला साधा हिशोब होता तो. लंडन काही खोल दरीत नाही, टेम्सच्या उथळ खोऱ्यात आहे, तरी डिसेंबर १९५२ मध्ये तिथे पाच दिवस झाकण बसलं आणि सुरुवातीच्या मोजणीतच ४,००० च्या आसपास जादा मृत्यू निघाले. फिर्के यांचा इशारा त्याआधी कितीतरी वर्षं छापून पडलेला होता, हे वाचलं की मला अजूनही राग येतो.

मधल्या काळात १९४८ चं डोनोरा झालं. पेनसिल्व्हेनियातलं मोनोंगहेला नदीच्या वळणात वसलेलं साधारण १४,००० वस्तीचं गाव, जस्ताचा कारखाना आणि पोलादाचा कारखाना नदीकाठी, आजूबाजूच्या टेकड्या म्हणाल तर फार उंच नाहीत, शंभर-सव्वाशे मीटरच्या. हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याला वाटतं की यासाठी हिमालयच लागतो. नाही लागत. झाकण जर शंभर मीटरवर बसत असेल तर शंभर मीटरची टेकडी भिंत म्हणून पुरते. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात हवा कोंडली, गावाला धुराची इतकी सवय होती की शुक्रवारी मिरवणूक निघाली, शनिवारी शाळेची फुटबॉल मॅचही झाली. रविवारी सकाळी जस्ताचा कारखाना थांबवला, त्याच दिवशी पाऊस आला आणि हवा मोकळी झाली. तोपर्यंत २० माणसं गेली होती आणि गावातली जवळपास निम्मी माणसं आजारी पडली होती. अमेरिकेत हवेच्या प्रदूषणावर देशपातळीवर कायदे व्हायला लागले त्यामागे या गावाचा मोठा वाटा आहे, पहिला १९५५ मध्ये आला.

आता सकाळचं बघू, कारण इथे बऱ्याच लोकांची समजूत उलटी असते. पहाटेची हवा सगळ्यात शुद्ध, म्हणून पहाटे फिरायला जा, असं सगळे सांगतात. उघड्या मैदानी गावात ते चालून जात असेल. दरीत हिवाळ्याच्या पहाटे हवा रात्रभर साचलेली असते, आणि त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे ऊन आल्यावर काही वेळ ती आणखी बिघडू शकते. उंच चिमण्यांचा धूर रात्री इन्व्हर्शनमध्ये वर कुठेतरी आडवा पडून राहिलेला असतो, जमिनीपर्यंत पोचत नाही. सकाळी जमीन तापायला लागली की घुसळण खालून वर वाढत जाते, ती त्या थरापर्यंत पोचली की वरचा धूर एकदम खाली ओढला जातो. याला फ्युमिगेशन म्हणतात. कॅनडातल्या ट्रेल गावाजवळच्या धातू गाळणाऱ्या कारखान्याच्या प्रकरणात हे उलगडलं. कोलंबिया नदीच्या दरीतून तिथला सल्फर डायऑक्साइड सीमा ओलांडून अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या शेतांवर जायचा, पिकं जळायची, भांडण दोन देशांच्या लवादापर्यंत गेलं, निकाल १९३८ आणि १९४१ मध्ये आले. मोजणी करताना दिसलं की सकाळी दरीतल्या एकमेकांपासून दूरदूरच्या ठिकाणी वायूचं प्रमाण जवळपास एकाच वेळी वाढतं. वाऱ्याबरोबर धूर येत असता तर आधी जवळच्या जागी वाढला असता, मग लांबच्या. पण तो तर रात्रीच दरीभर वर पसरून बसलेला होता, ऊन आलं की सगळीकडे एकदम उतरत होता. मला हा शोध फार आवडतो, आकड्यांच्या नुसत्या वेळा बघून आभाळात काय चाललंय ते ओळखलं.

म्हणून थंडीत दरीत राहणाऱ्या आणि दम्याचा त्रास असणाऱ्या माणसाने फिरायला जायचं तर दुपारी जावं, साधारण एक ते चारच्या मध्ये, झाकण सगळ्यात उंच असतं तेव्हा. उन्हाळ्यात हे बरोबर उलटं करायचं, का ते पुढे येईलच.

संध्याकाळ मात्र सगळ्यात वाईट जुळून येते. दिवसा तापलेल्या उतारांवरून हवा वर चढते आणि दरीत खालून वरच्या दिशेने वारा वाहतो, रात्री उलट, वरून खाली. या दोन्हीच्या मध्ये, सूर्य डोंगराआड गेल्यावर, वारा दिशा बदलतो आणि काही काळ पूर्ण पडतो. नेमकी त्याच वेळेला माणसं घरी येतात, गाड्या रस्त्यावर असतात, शेगड्या आणि चुली पेटतात. दिवसातला सगळ्यात जास्त धूर सगळ्यात स्थिर हवेत. आणि दुपारी दरीच्या वरच्या टोकाला गेलेला धूर रात्रीच्या वाऱ्याबरोबर परत खाली येतो, तो कुठेही गेलेला नसतो, नुसती येरझार चालू असते. त्यामुळे वरच्या अंगाला असलेल्या वाडीत काय जळतं हा खालच्या गावाचाही प्रश्न असतो. पोलंडमधल्या क्राकूव्हने विस्तुला नदीच्या खोऱ्यातल्या आपल्या हद्दीत १ सप्टेंबर २०१९ पासून घरांमध्ये कोळसा आणि लाकूड जाळणं पूर्ण बंद केलं, हवा सुधारलीही, पण भोवतालच्या छोट्या गावांतून जळण चालूच असल्याने तिकडचा धूर थंड रात्री शहरात उतरतोच. महापालिकेची हद्द थंड हवेला कळत नाही.

हिवाळा सरला की लोक सुटकेचा श्वास सोडतात आणि बऱ्याच अंशी ते बरोबरही आहे. वसंतात ऊन वाढतं, झाकण दुपारी चांगलं उघडतं. पण मग बर्फाळ प्रदेशात रस्त्यावर घसरू नये म्हणून टाकलेली वाळू कोरडी होऊन गाड्यांच्या चाकाखाली दळली जाते आणि तिची धूळ उडायला लागते, कच्च्या रस्त्यांचीही तशीच. ही धूळ जाडसर, म्हणजे पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) जास्त आणि पीएम २.५ कमी, त्यामुळे नुसता एकच आकडा बघणाऱ्याचा गोंधळ होतो. काही पर्वतांच्या पायथ्याला याच काळात फॉन वारा सुटतो, डोंगर ओलांडून उतरताना तापलेला कोरडा वारा. तो तळापर्यंत पोचला तर तासाभरात दरी साफ करतो, आणि नाही पोचला तर थंड हवेच्या वरून सरकून जातो आणि आधीच बसलेलं झाकण आणखी घट्ट करतो. वर वादळी वारा आणि खाली पान हलत नाही, अशी अवस्था.

उन्हाळ्याचा गुन्हेगार वेगळा, ओझोन. हा कुणी सोडत नाही, नायट्रोजन ऑक्साइड आणि पेट्रोल-सॉल्व्हंटसारख्या गोष्टींच्या वाफा यांच्यावर कडक ऊन पडून तो तयार होतो. हे कोडं १९५० च्या सुमारास आरी हाखेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने लॉस एंजेलिसच्या धुरक्यावर काम करताना सोडवलं. तिथे समुद्रावरून येणारी थंड हवा खाली, वरून बसणारी उबदार हवा वर आणि मागे डोंगर, म्हणजे ऐन उन्हाळ्यात इन्व्हर्शन. मेक्सिको सिटी २,२४० मीटर उंचीवर डोंगरांच्या मध्ये आहे, तिथे थंडीत कणांचा त्रास आणि मार्च ते मे या कडक उन्हाच्या, पावसाआधीच्या महिन्यांत ओझोनचा. ओझोन दुपारी उशिरा चढतो, म्हणून उन्हाळ्यात व्यायाम सकाळी. आणि तो दिसत नाही, आभाळ बऱ्यापैकी निळं असू शकतं, घसा आणि छाती मात्र सांगते.

वणव्याचा धूर हा तर दरीसाठी स्वतंत्र विषय आहे. एकदा का तो दरीत उतरला की स्वतःच स्वतःचं झाकण बनवतो, कारण वरचा धूर ऊन अडवतो, जमीन तापत नाही, घुसळण होत नाही, म्हणून धूर जात नाही, म्हणून ऊन येत नाही. सप्टेंबर १९८७ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या डोंगरी दरीत वणव्याचा धूर असा अडकला की आठवडाभर दुपारचं कमाल तापमान नेहमीपेक्षा १५ अंशांहून जास्त खाली राहिलं, आणि एकूण तीन आठवडे ते पाच अंशांहून जास्त खालीच होतं. जंगल पेटलंय आणि गावात थंडी वाजतेय. हवा कोंडलेली असल्यामुळे आगही थोडी मंदावते, आणि मग एका दिवशी इन्व्हर्शन मोडतं, वारा येतो, गावातल्या माणसांना हायसं वाटतं आणि त्याच तासाला वर आग पुन्हा उसळते. आग विझवणाऱ्या लोकांना हे चांगलं माहीत असतं, ते इन्व्हर्शन कधी मोडेल याची वेळ रोज बघतात.

पावसाबद्दल थोडक्यात. पाऊस हवा धुतो हे खरं, पण जाड धूळ जेवढी सहज धुतली जाते तेवढे बारीक कण धुतले जात नाहीत, ते पावसाच्या थेंबाभोवतीच्या हवेबरोबर बाजूला वळतात. पावसानंतर हवा स्वच्छ वाटते त्यात पावसाबरोबर आलेल्या वाऱ्याचा आणि नव्या हवेचा वाटा मोठा असतो. काठमांडूचं वर्षाचं चक्र बघा, खोऱ्याचा तळ १,३०० ते १,४०० मीटरवर, भोवतालचे डोंगर २,००० मीटरच्या वर, फुलचोकी तर २,७०० च्याही वर, आणि बागमती बाहेर पडते ती चोभारच्या अरुंद घळीतून. पाणी जायला जशी एकच चिंचोळी वाट तशीच रात्रीच्या थंड हवेलाही फारशी वाट नाही. जून ते सप्टेंबर मान्सूनमध्ये हवा बरीच चांगली, मग कोरडा हिवाळा, वीटभट्ट्या, गाड्या, सकाळ-संध्याकाळ आकड्यांची दोन शिखरं, आणि मार्च-एप्रिलमध्ये त्यात आजूबाजूच्या वणव्यांची भर. वर्षाची सरासरी काढली की ते चांगले चार महिने वाईट महिन्यांना झाकून टाकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी वार्षिक ५ आणि २४ तासांसाठी १५ मायक्रोग्रॅम प्रतिघनमीटर असे दोन आकडे दिलेत, आणि दरीतल्या गावाने दुसऱ्याकडे जास्त बघावं असं माझं स्पष्ट मत आहे. फुप्फुसांना सरासरी माहीत नसते, त्यांना ती जानेवारीतली रात्र माहीत असते.

सेन्सर कुठे बसवलाय हेही बघायला हवं. डोंगराच्या कुशीत शंभर मीटर वर असलेल्या इमारतीच्या गच्चीवरचा सेन्सर झाकणाच्या बाहेर असू शकतो आणि हवा छान दाखवू शकतो, तळातल्या वस्तीत तेव्हा डोळे चुरचुरत असतात. स्वस्त लेझर सेन्सर धुक्यात आणि दमट हवेत जास्त आकडा दाखवतात, कारण कण पाणी पिऊन फुगतात आणि प्रकाश जास्त विखुरतात. म्हणून त्यांचा नेमका आकडा घेऊन भांडत बसण्यापेक्षा तो कधी चढतो, कधी उतरतो, आणि तळातला व उतारावरचा सेन्सर यांच्यात फरक किती, हे बघण्यात जास्त अर्थ आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, ज्यासाठी खरं तर हा लेख. डोंगर हलवता येत नाहीत, हिवाळा टाळता येत नाही, म्हणून काही होऊ शकत नाही, असं ऐकलं की मला अतोनात वाईट वाटतं. उलट आहे. झाकण घट्ट असतं तेव्हा थोडासा धूर जसा खूप त्रास देतो, तसाच थोडासा धूर कमी केल्याने खूप फरकही पडतो. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या लॉन्सेस्टन गावाचं उदाहरण आहे, टेमर नदीची दरी, हिवाळ्यात घराघरात लाकडाच्या शेगड्या, २००१ पासून लोकांना दुसऱ्या साधनांकडे वळायला मदत केली. लाकडावर घर गरम करणारी कुटुंबं ६६ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आली आणि हिवाळ्यातलं पीएम १० चं सरासरी प्रमाण ४४ वरून २७ मायक्रोग्रॅम प्रतिघनमीटरवर आलं. दरी तीच, थंडी तीच. अमेरिकेतल्या मोंटानामधल्या लिबी या छोट्या गावात हजाराहून जास्त जुन्या शेगड्या बदलल्या, तिथेही हिवाळी हवा सुधारली. मंगोलियाची राजधानी उलानबातर तूल नदीच्या दरीत, थंडीत उणे ३० पर्यंत पारा, आणि गेर, म्हणजे नमद्याच्या तंबूंच्या, वस्त्यांमधल्या लोकांना न जाळता जगणंच शक्य नाही, तिथे मे २०१९ पासून शहरात कच्चा कोळसा जाळायला बंदी आली आणि त्याजागी विटांच्या आकाराचं प्रक्रिया केलेलं इंधन देण्यात आलं. तिथला प्रश्न सुटलेला नाही, पण गरीब माणसाच्या हातातलं इंधन बदलून द्यायला हवं, त्याला नुसता दंड करून चालत नाही, हे तरी तिथे मान्य झालं.

अमेरिकेतल्या यूटा व्हॅलीतला दाखला मला सगळ्यात ठोस वाटतो, कारण तो कुणी मुद्दाम केलेला प्रयोग नव्हता. तिथला पोलाद कारखाना कामगार आणि मालकांच्या वादात १९८६ च्या ऑगस्टपासून १९८७ च्या सप्टेंबरपर्यंत बंद राहिला. मध्ये एक अख्खा हिवाळा गेला, इन्व्हर्शनसह. अर्डेन पोप या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने दवाखान्यांच्या नोंदी काढल्या तेव्हा दिसलं की कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यात श्वासाच्या आजाराने भरती होणाऱ्या मुलांची संख्या बंद असलेल्या हिवाळ्यापेक्षा दोन ते तीनपट होती. १९८९ मध्ये हे छापून आलं आणि बारीक कणांवरच्या पुढच्या बऱ्याच संशोधनाला त्याने वाट करून दिली.

घरात लाकूड जाळावंच लागत असेल तर निदान वेळ आणि पद्धत बदलता येते. वर्षभर वाळलेलं सुकं लाकूड, भरपूर हवा देऊन, मोठ्या ज्वाळेने जळलं तर धूर खूप कमी. लोक करतात काय, तर झोपताना शेगडी गच्च भरतात आणि हवेची झडप बंद करून ठेवतात, म्हणजे रात्रभर ऊब पुरेल. लाकूड रात्रभर धुमसत राहतं, आणि धुमसणारं लाकूड सगळ्यात जास्त धूर देतं, तोही झाकण सगळ्यात खाली असतं त्या आठ तासांत. त्यापेक्षा संध्याकाळी लवकर कडक जाळ करून घर तापवलं, विझू दिलं आणि भिंती-खिडक्यांच्या फटी बुजवल्या तर लाकूडही वाचतं. शरद ऋतूत पाचोळा जाळायची घाईही अशीच, पहिली इन्व्हर्शनं त्याच सुमारास यायला लागतात, आणि ओला पाचोळा तर नुसता धुमसतो. तो कुजवावा, खत होतं.

सॉल्ट लेक आणि कॅलिफोर्नियातलं सॅन वॉकीन खोरं इथे इन्व्हर्शनचा अंदाज असला की त्या दिवसापुरती घरगुती लाकूडजाळणीवर बंदी लागते. माझ्या मते प्रत्येक दरीतल्या गावाला असा नियम हवा, आणि तो सपाटीवरच्या शहरासाठी बनवलेल्या नियमाची नक्कल असून भागणार नाही. सपाटीवर चालून जाईल एवढा धूर दरीत चालत नाही. नवीन भट्टी, नवीन हायवे, ट्रकचं टर्मिनल तळात बसवायचं का, याचा निर्णय घेताना तिथे जानेवारीच्या रात्री मिसळणीचा थर किती उंच असतो हे मोजून कागदावर यायला हवं, आणि वार्षिक सरासरी वाऱ्याचा आकडा दाखवून ते टाळू देऊ नये.

बंदीचा नियम येईपर्यंतही गावाला स्वतःला बरंच कळू शकतं, त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. तळातल्या एखाद्या घरी एक थर्मामीटर आणि दीड-दोनशे मीटर वर डोंगरावरच्या एखाद्या घरी दुसरा, दोन्ही सावलीत, जमिनीपासून सारख्या उंचीवर. संध्याकाळी सूर्य डोंगराआड गेल्यावर तासाभराने दोन्ही आकडे गावाच्या ग्रुपवर टाकायचे. वरचा आकडा खालच्यापेक्षा जास्त असेल आणि वारा पडलेला असेल तर इन्व्हर्शन बसायला लागलंय. त्या रात्री पाचोळा पेटवायचा नाही, ज्यांच्याकडे गरम करायला दुसरं साधन आहे त्यांनी लाकूड टाळायचं, आणि म्हातारी माणसं, लहान मुलं, दम्याचे पेशंट यांच्या घरच्यांनी खिडक्या दुसऱ्या दिवशी दुपारीच उघडायच्या.